चोवीस मिनिटं

‘‘बंद कर! शैले, आधी बंद कर ते!’’

चेअरमन हिंदुराव मोकाशी कंट्रोल रूमच्या दारात उभे राहून ओरडत होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात झेंडूची माळ. मी पॅनेलसमोर होते आणि माझ्या शेजारी वीज कंपनीचे उपकार्यकारी अभियंता बोरगावे साहेब मीटरचे आकडे वहीत टिपून घेत होते. सकाळचे अकरा छत्तीस झाले होते. साडेअकराला मी हिरवं बटण दाबलं होतं, म्हणजे सहा मिनिटं आमच्या सोलर प्लँटची वीज कंपनीच्या तारांमध्ये जात होती. आयुष्यात पहिल्यांदा मी उभं केलेलं काहीतरी चाललं होतं आणि हा माणूस बंद कर म्हणून बोंबलत होता.

‘‘चेअरमन, अर्धा तास सलग वीज जायला लागते,’’ मी म्हणाले. ‘‘तरच साहेब दाखला देतील. चोवीस मिनिटं राहिलीत फक्त.’’

‘‘आणि मंत्रीसाहेब दोन वाजता येऊन काय करणार? चालू असलेलं चालू करणार?’’

बोरगावे साहेब स्वभावानं गरीब. ते म्हणाले, ‘‘अहो, आता दाखला होऊ द्या. मग बंद करू. मंत्रीसाहेब आले की त्यांच्या हस्ते पुन्हा चालू करू. काय बिघडतंय?’’

‘‘बाहेर पत्रकार बसलेत साहेब. मंत्र्यांच्या आधी पोरीनं प्लँट चालू केला, अशी बातमी लागली की मी तोंड कुठं दाखवू?’’

असं म्हणून ते तरातरा आत आले आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं. इन्व्हर्टरची घरघर थांबली. मग त्यांनी ती झेंडूची माळ हिरव्या बटणाभोवती गुंडाळली, आम्हा दोघांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि मांडववाल्याला हाक मारली. त्यानं दारावर आडवी लाल फीत बांधली. चेअरमननं गाठ ओढून बघितली.

चौदा वर्षं झाली. ती गाठ आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

तो मार्चच्या एकतीस तारखेचा दिवस होता, आणि ती तारीखच सगळं होती. आमची हिवरखोल उपसा सिंचन संस्था. नदीचं पाणी दोन टप्प्यांत वर चढवायचं काम. खालचा टप्पा कसाबसा चालायचा. वरचा टप्पा, म्हणजे खडकवस्तीचा, विजेचा खर्च झेपेना म्हणून पाच वर्षं बंद पडला होता. वस्तीवर साठ घरं. प्यायला टँकर, तोही तिसऱ्या दिवशी. माझी सख्खी आत्या, तानूआत्या, तिथंच दिलेली. चेअरमनच्या डोक्यात एक गोष्ट मात्र खरंच चांगली आली होती. वस्तीखालचा खडकाळ माळ संस्थेचा होता, तिथं दोन मेगावॅटचा सोलर प्लँट बांधायचा, वीज कंपनीला विकायची, आणि त्या पैशावर वरचे पंप चालवायचे. कंपनीबरोबर वीज खरेदीचा करार झाला, पंचवीस वर्षांचा. पंचवीस वर्षं खडकवस्तीला पाणी, असा त्याचा सरळ अर्थ. अट एकच, ठरलेल्या तारखेच्या आत प्लँटमधून सलग अर्धा तास वीज मीटरमधून गेली पाहिजे आणि त्याच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या पाहिजेत. आम्ही दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसरी मिळणार नाही, करार आपोआप रद्द होईल, असं कंपनीनं लेखी कळवलं होतं. ती शेवटची तारीख म्हणजे एकतीस मार्च.

आणि प्लँट बावीस तारखेला तयार होता! नऊ दिवस नुसता उन्हात तापत पडला होता. का, तर मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. इलेक्ट्रिकलची डिग्री, संस्थेची पहिली आणि एकुलती एक इंजिनिअर. दाखल्यावर संस्थेच्या वतीनं सही करायचा अधिकार ठराव करून मला दिलेला. दीड वर्ष मी त्या माळावर काढलं होतं. केबलचा एकेक जोड माझ्या डोळ्यांसमोर झाला होता. रविवारी तानूआत्या वस्तीवरून उतरून यायची, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन, आणि पॅनेलच्या सावलीला बसून विचारायची, ‘‘कवा येनार गं पानी?’’ मी सांगायची, ‘‘एकतीस मार्चला करार पक्का होईल. पावसाळ्याआधी पंप सुरू.’’ ती बोटं मोजायची.

एक वाजता चेअरमनच्या मंडळींनी माझ्या हातात साडी दिली. हो, साडी! जरीच्या काठाची. ‘‘जीन्स घालून मंत्र्यापुढं उभी राहनार का? जा, नेसून ये.’’ नेसून आले तर चेअरमननं माझ्या हातात एक तबक ठेवलं. तबकात लाल मखमल, गुलाबाच्या पाकळ्या आणि मधोमध चकचकीत कात्री.

‘‘हितं उभी राहा. फितीच्या उजव्या अंगाला. मंत्रीसाहेब आले की तबक पुढं करायचं आणि हसायचं.’’

‘‘चेअरमन, मी आत पॅनेलजवळ असायला पाहिजे.’’

‘‘बटण दाबायला काय इंजिनिअर लागतोय होय? मंत्रीसाहेबच दाबणार हायत. तू हसरी राहा म्हंजे झालं.’’

भोवतीचे चार डायरेक्टर फिदीफिदी हसले. पण मी तबक धरलं.

दोन वाजले. अडीच. मांडवात सनईची कॅसेट तिसऱ्यांदा लागली. फोन आला की मंत्रीसाहेब तालुक्याच्या गावी एका सत्कारात अडकलेत, निघतातच. साडेतीनला फोन आला, निघाले. चारला कळलं की निघाले होते, पण वाटेत एका पतसंस्थेच्या लोकांनी गाडी अडवून चहाला नेलं.

सव्वाचारला बोरगावे साहेब माझ्यापाशी आले. कपाळावरचा घाम पुसत हळू आवाजात म्हणाले, ‘‘खरात मॅडम, जास्तीत जास्त साडेपाच. त्यानंतर ऊन उतरायला लागतं. अर्धा तास सलग मिळणार नाही. हे काय डिझेलचं इंजिन नाही, रात्री चालवायला.’’

मी तबक घेऊनच चेअरमनकडे गेले. ते मांडवाच्या तोंडाशी उभे होते.

‘‘चेअरमन, साडेपाचच्या आत चालू नाही केलं तर करार गेला. खडकवस्तीचं पाणी गेलं.’’

‘‘येतायत गं, येतायत. पाच मिनिटांत.’’

‘‘दोन वाजल्यापासून पाच मिनिटंच चाललीत तुमची!’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. ‘‘शैले, तू पुस्तकं वाचून शिकलीस. मी ही संस्था तीस वर्षं चालवली. शाळेची खोली पूर्ण झाली जूनमध्ये, दाखल्यावर मार्च. पूल झाला दिवाळीत, कागदावर मे. तारीख ही लिहायची गोष्ट असते पोरी. आणि मंत्री खूश झाला तर मुदत काय, आणखी दोन मेगावॅट देईल. रुसला तर असलेलं बी जाईल. जा, उभी राहा जागेवर.’’

यात कावा नव्हता. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. आमच्याकडे तीस वर्षं अगदी तसंच चालत आलेलं, आणि त्याचा त्यांना कधी फटका बसला नव्हता. पण सूर्याच्या विजेचा दाखला कधी कुणी काढला नव्हता.

मी जागेवर गेले.

पाच वाजले. पाच दहा. पॅनेलच्या रांगांची सावली लांबत चालली होती. खडकवस्तीवरच्या बायका खाली आल्या होत्या, मांडवाच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या. खुर्च्या पाहुण्यांना. त्यांच्यात तानूआत्या होती. तिनं लांबून मला बघितलं, साडीतली, तबक घेतलेली, आणि कौतुकानं हसली. तिला वाटलं असणार की आपल्या भाचीचा मान आहे हा.

पाच वीसला बोरगावे साहेब पुन्हा आले. ते माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, फितीकडे बघत होते.

‘‘दार नुसतं कडीचं आहे ना?’’

‘‘हो.’’

‘‘कुलूप नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मी वही घेऊन आलोय,’’ ते म्हणाले. ‘‘कुणी आत गेलं तर मीपण आत येईन. मला कुणी अडवू शकत नाही, मी ड्युटीवर आहे.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘कात्री तुमच्याच हातात आहे, मॅडम.’’

मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? फीत, कडी, हिरवं बटण. चार पावलं. चेअरमन मांडवाच्या तोंडाशी, रस्त्याकडे डोळे लावून. त्यांना कळेपर्यंत वीज चालू झाली असती आणि एकदा मीटर फिरायला लागला की एवढ्या बायकांसमोर, पत्रकारांसमोर तो बंद करायची त्यांची छाती झाली नसती.

मी कात्री उचलली. खरंच उचलली. हातात जड वाटली.

तेवढ्यात एक डायरेक्टर म्हणाला, ‘‘ओ इंजिनिअरबाई, पाकळ्या सांडल्या बघा.’’ आणि मी, शैलजा खरात, डिस्टिंक्शनमध्ये पास झालेली, कात्री तबकात ठेवून खाली वाकले आणि गुलाबाच्या पाकळ्या गोळा करायला लागले. साडीचा पदर सांभाळत. एकेक पाकळी.

उठून उभी राहिले तेव्हा बोरगावे साहेब तिथं नव्हते. जीपजवळ जाऊन पाणी पीत होते.

साडेपाच झाले. पावणेसहा. सहा. मी उभी होते आणि माझ्या आत जे काही उकळत होतं ते मी सांगू शकत नाही. मनातल्या मनात मी चेअरमनला नाही नाही ते बोलले. त्यांच्या धोतराला, त्यांच्या टोपीला, त्यांच्या मंत्र्याला, सात पिढ्यांना. त्या माणसाला एकदा, फक्त एकदा, माझ्यासमोर हात जोडताना बघायचं होतं मला. बाकी काही नको होतं. त्या घडीला पाणीसुद्धा मी विसरले होते.

सहा पन्नासला गाड्यांचा ताफा आला. सूर्य दहा मिनिटांपूर्वी डोंगराआड गेला होता. फटाके वाजले. मंत्रीसाहेबांनी माझ्या तबकातली कात्री उचलली, फीत कापली, आत जाऊन माळ बाजूला सारून हिरवं बटण दाबलं. बाहेर मांडवात शंभराचे दोनशे बल्ब लागले. ते जनरेटरवर लागले होते, मांडववाल्यानं खूण बघून खटका ओढला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खडकवस्तीच्या बायकांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. मीटरचा आकडा अकरा छत्तीसला जिथं थांबला होता तिथंच होता.

भाषण सात मिनिटं झालं आणि ताफा गेला.

मग चेअरमन, बोरगावे साहेब आणि मी, असे तिघं मांडवामागं जीपपाशी जमलो. बॉनेटवर दाखल्याचा कागद. बोरगावे साहेबांनी टॉर्च धरला होता. वेळेचा रकाना कोरा.

‘‘बघा,’’ साहेब म्हणाले. ‘‘माझी वीस वर्षं नोकरी झाली, मी खोटा दाखला दिलेला नाही. पण आज सकाळी सहा मिनिटं वीज गेली, ती मी डोळ्यांनी बघितली. प्लँट चांगला आहे. मीटरवर आजच्या तारखेचे युनिट पडलेत. साडेअकरा ते बारा लिहू. सहाची तीस करू. मिनिटामिनिटाचा हिशेब तिकडं कुणी बघत नाही. उद्या कुणी बघितला तर माझी मान जाईल, तुमची जाणार नाही. मी तयार आहे. तिकडं ज्या बायका बसल्यात ना, त्यांच्याकडे बघून तयार आहे. फक्त आधी संस्थेची सही लागते. मॅडमची.’’

चेअरमननं खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. ‘‘कर पोरी. मी म्हटलं नव्हतं, तारीख लिहायची असते म्हणून?’’

हे ते बोलले नसते तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित केली असती मी सही. पण ते बोलले आणि वर हसले.

‘‘मी खोटं लिहिणार नाही,’’ मी म्हणाले.

‘‘आं?’’

‘‘वीज सहा मिनिटं गेली. मी सहाच लिहीन.’’

त्यांना आधी गंमत वाटली. मग नाही वाटली. मग ते ओरडले, नोकरीवरून काढीन म्हणाले. मी म्हटलं, काढा. मग त्यांचा आवाज उतरला. ‘‘शैले, ठराव तुझ्या नावचा हाय. दुसऱ्या कुणाची सही चालत न्हाय आणि आता बारा वाजेपर्यंत मी सभा कुठली बोलवू? चुकलं माझं. ऐकतीस का? चुकलं. तुझी आत्या हाय वर. तिच्यासाठी तरी कर.’’ आणि त्यांनी हात जोडले. सत्तरीचा माणूस, टॉर्चच्या उजेडात, माझ्यापुढं हात जोडून उभा. डोळ्यांत पाणी.

मी साडीचा पदर खोचला आणि चालायला लागले.

पंधरा एप्रिलला करार रद्द झाल्याचं पत्र आलं. वर्षभरानं संस्थेनं प्लँट बाहेरच्या एका कंपनीला देऊन टाकला. ती अजून तिथं वीज बनवते, कुणाला विकते मला माहीत नाही. खडकवस्तीचे पंप भंगारात गेले. चेअरमन पुढच्या निवडणुकीत बिनविरोध आले. आणि मी? सही नाकारल्याचं पत्रकारांना कळलं आणि माझा फोटो छापून आला. ‘दबावाला न झुकणारी अभियंता.’ त्या एका संध्याकाळच्या जोरावर मला पॉलिटेक्निकमध्ये नोकरी मिळाली, दोन संस्थांनी शाल आणि नारळ दिला, मुलींच्या कॉलेजांमधून भाषणाला बोलावणी यायला लागली. मी जायची. मूल्यांवर बोलायची. पाकळ्यांचं कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तानूआत्याकडे गेले. मधल्या काळात गेलेच नव्हते. वस्तीच्या तोंडाशी टँकर लागला होता आणि ती रांगेत होती. मला बघून हसली, पण आधीसारखी नाही. हंडा भरून झाल्यावर आम्ही बाभळीखाली टेकलो.

‘‘फोटू बघितला तुजा,’’ ती म्हणाली. ‘‘शाल लई चांगली हुती.’’

मी खाली पडलेली बाभळीची शेंग उचलून सोलायला लागले.

‘‘किती खोटं लिवायचं हुतं गं त्या कागदावर?’’

‘‘चोवीस मिनिटं.’’

‘‘चोवीस मिंटं.’’ तिनं ते तोंडात घोळवलं. ‘‘माजं वय सरकारनं तीनदा येगळं लिवलंय. मी कदी भांडले न्हाय.’’

‘‘आत्या, खोटं ते खोटंच असतं.’’

‘‘आसतंय की. म्या कुठं न्हाय म्हनते? न्हाय लिवलंस, ब्येस केलंस.’’ तिनं पायावरची धूळ झटकली. ‘‘पर त्या वीजवाल्या सायबाचा डायवर आमच्या वस्तीतला. त्यो म्हनत हुता, कातर तुज्याच हातात हुती. साडेपाचाच्या आदी. तवा कापली आसतीस तर खोटं बी लागलं नसतं. खरं हाय का?’’

‘‘खरं आहे.’’

‘‘मंग?’’

मी खूप काही सांगू शकले असते. वय लहान होतं, नोकरी पहिली होती, सगळे पुरुष होते, साडी होती. सगळं खरं होतं.

‘‘तवा तुला भ्या वाटलं,’’ तीच म्हणाली. ‘‘आन् मागनं राग आला. रागानं न्हाय म्हनलीस. हिंदुरावाला खाली बघाय लावायचं हुतं तुला. ल्हानपनापास्नं वळखते मी तुला, शैले. लोकांस्नी तसं सांग. शाली घिऊ नगंस.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

ती उठली. चुंबळ डोक्यावर ठेवली. वस्ती तिथून चांगली अर्धा कोस वर. मी पुढं होऊन हंड्याला हात घातला. ‘‘दे आत्या, मी घेते.’’

‘‘ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली आणि हंडा स्वतःच उचलला. ‘‘तू दमली असशील, तबक धरून.’’